सुजयच्या दगडावरचे टहाळे

खेड, १२ डिसेंबर

ती. आईस,
निलेशचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

मुंबईच्या मंडळींना डोंगरातल्या, रानातल्या, नदीकाठच्या वाटा दाखवायचं काम नीट चाललंय. नदी आम्ही पुलावरूनच ओलांडतो. मी पाण्यात पाय घालत नाही.

एक गोष्ट फोनवर बोलवेना, म्हणून लिहितोय. आपला सुजय गेल्या पावसात जिथून वाहून गेला, तिथल्या दगडावर मी जाता-येता ऐनाचा टहाळा ठेवायचो. माझं बघून मागची माणसंही ठेवू लागली. आता ढीग झालाय. त्यांना ते देवाचं ठिकाण वाटतं.

काल एका बाईंनी विचारलं, "दादा, ह्या देवाचं नाव काय?"

मला खोटं बोलवेना. "सुजय," म्हटलं.

त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि मागच्यांना म्हणाल्या, "पाया पडा रे, वाट राखतो हा आपली." सगळे ओळीने पाया पडले.

तो माझा भाऊ, हे मी त्यांना सांगितलं नाही. चुकलं का? तू सांगशील तसं करीन.

आई, तो आपलं शेंडेफळ. घरात त्याच्या पाया पडायला धाकटं कुणी नव्हतंच.

तुझा,
निलेश