अस्तर

३ जून
आज सकाळी देवाला हात जोडले, नवा पांढरा कोट चढवला आणि प्रयोगशाळेत रुजू झालो. पन्नाशीला टेकल्यावर नोकरी! बायको म्हणाली, अगदी डॉक्टर दिसताय, फक्त तोंड उघडू नका. लेक खुदकन हसली. तिच्या कडेवरची तान्ही नातही.

काम डुकरांच्या पिलांची निगा राखायचं आणि मेलेल्यांची आतडी धुऊन ठेवायचं. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून आतड्याचं अस्तर दाखवलं: मखमल, इवल्या इवल्या बोटांची. म्हणाल्या, काका, पेशी तळाच्या खड्ड्यांत जन्मतात, चढत टोकाला जातात, गळून पडतात. थोड्याच दिवसांत अस्तर नवंकोरं. हगवणीत गळणं वाढतं, नवं पुरत नाही आणि पिलू मरतं. त्यांचं औषध नव्याचा वेग वाढवणार आहे. करणाऱ्याची करणी! मी मनातल्या मनात नमस्कार केला.

८ जून
रबरी हातमोजे घालून मेलेल्या जिवाला धुवायचं मला जड जातं. शेवटची आंघोळ उघड्या हातानेच घालावी. बाई रागावल्या, काका, भक्ती घरी ठेवून येत जा. त्यांची पाठ वळली की मी हातमोजे काढतो. आज ते औषध दिलेलं एक मेलेलं पिलू धुताना ट्रेच्या कडेने बोट जरासं चिरलं.

१३ जून
त्या पिलाच्या अस्तराचा तुकडा बशीत ठेवला होता. तो बशीबाहेर आला आहे. मेलेलं वाढतं कसं, विचारलं. बाई म्हणाल्या, वाढायचं ते शिकलंय, थांबायचं नाही. त्या हसल्या नाहीत. शीतखोलीत ठेवलेला तुकडा तेवढा थांबलाय.

१६ जून
बोटावर खपली धरत नाही. ओलसर, गुलाबी मखमल आली आहे. सकाळी खरवडून काढली. जेवायच्या वेळेला परत तेवढीच. पट्टी बांधली. बायकोला सांगितलं, भाजलं.

१९ जून
बाईंना दाखवलं. मनगटापर्यंत पोचलंय. हात तोडून उपयोग नाही म्हणाल्या, खड्डे आत खोल आहेत. जिथे गळेल तिथे रुजेल. घरी जाऊ नका. मग विचारलं, या हाताला आणखी कुणी —

नातीला दात येताहेत. पट्टी बांधेपर्यंत रोज माझंच बोट चोखायची.

२० जून
बाई घरी जाऊन बाळाचं तोंड बघून आल्या. काही दिसलं नाही म्हणाल्या. अजून, असंही म्हणाल्या.

खांद्यापर्यंत. डाव्या हाताने लिहितोय. झोपलो तिथे चादर गुलाबी —

२१ जून
शीतखोलीत आलो. आतून कुलूप लावलं. बाई दार वाजवून थकल्या.

बायको आली. दाराच्या काचेपलीकडून म्हणतेय, पुरे झाला हट्ट, घरी चला, बाळ तुमच्याशिवाय झोपत नाही. नातीला उचलून काचेशी धरलं. मला बघून ती तोंडभर हसली.

हिरड्या —

बाळांच्या हिरड्या गुलाबीच असतात. ओल्याच असतात. देवा, असतातच ना —

किल्ली तर मघाशीच मोरीच्या जाळीतून खाली टाकली. आता तिचं तोंड जवळून बघायला मला