बाबा, हात जोडू नका

प्रिय बाबा,

साहेबांना ऑफिसच्या पोर्चमध्ये उतरवलंत की वर जाण्याआधी हे वाचा. गाडीतच बसून वाचा. वॉचमनकाकांना मी बजावून सांगितलंय की पाकीट तुमच्याच हातात द्यायचं. फोन केला असता, पण तुम्ही घाटातून गाडी चालवत असताना तुमच्या जिवाला घोर कशाला लावायचा? शिवाय फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता! ‘जेवलीस? आई बरी आहे? ठेवतो.’ संपलं. तर आई बरी आहे. खोकला कमी आहे, कुरकुर तेवढीच आहे.

साहेबांच्या वकिली ऑफिसात इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला सोडलंत ते एक चौक अलीकडे. म्हणालात, “ऑफिसात मी तुझा कुणी नाही. साहेबांनी माझ्या शब्दाखातर तुला घेतलं, ते त्यांच्यापाशीच राहू दे. ड्रायव्हरची पोरगी म्हटलं की लोक तुझं काम नाही बघणार, माझी टोपी बघतील. छाप पडली पाहिजे बघ तुझी.” मी मान डोलावली. आणि छाप पाडायला काय काय केलं म्हणून सांगू! सगळ्यांच्या आधी पोचायची. झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून जुने निकाल शोधून देण्यापर्यंत कशाला म्हणून नाही म्हटलं नाही. ज्या वकील मॅडमच्या हाताखाली मी होते, त्या एकदा दुसऱ्यांना म्हणाल्या, “हिला एकदा सांगितलं की पुन्हा बघावं लागत नाही.” त्या दिवशी मी हवेत होते.

मग एकदा साहेबांनी मलाही कोर्टात नेलं. तुम्ही त्यांच्यासाठी दार उघडलंत, मग वळसा घालून माझ्यासाठीही उघडलंत. मी परक्या माणसाला म्हणावं तसं ‘थँक्यू’ म्हटलं. तुम्ही म्हणालात, “सांभाळून, मॅडम.” रात्री घरी आलो. तुम्ही जेवलात, मी भांडी घासली. मला हसू यायला हवं होतं, पण ते काही आलं नाही.

आता सोमवारचं सांगते. मालवाहतुकीची एक मोठी कंपनी आपल्या ऑफिसची अशील आहे. त्यांचा एक ट्रक पुलावरून खाली गेला, ड्रायव्हर जागीच गेला. त्याची बायको भरपाईच्या समझोत्यावर सही करायला येणार होती. मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तुझं बोलणं घरच्यासारखं आहे. बाईंजवळ बस, पाणी दे, रडल्या तर रडू दे. सही झाली की मला बोलाव. हे नीट पार पडलं तर तुझी जागा पक्की समज.” खोटं कशाला बोलू, बाबा, मला आनंद झाला. आत जाण्याआधी मी आरशात केस सारखे केले.

बिनखिडकीची ती छोटी खोली तुम्ही पाहिलेली नाही. काचेचं टेबल, चार खुर्च्या आणि हाडं गोठवणारा एसी. बाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. टेबलाला हात लागू नये म्हणून पर्स मांडीवर धरून बसलेल्या. सोबत दीर. “ताई, वाचून दाखवाल का?” म्हणाल्या. मी वाचत गेले. ‘चालक स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झोपी गेला’ इथे त्यांनी मला थांबवलं. “झोपले असतील हो. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. कंपनीवाले बदली माणूस देतो म्हणाले, दिलाच नाही. हे मला फोनवर म्हणाले, गालात मारून घेत चालवतोय.” मग माझ्याकडे बघून अगदी सरळ विचारलं, “तुम्ही शिकलेल्या आहात. करू का सही?”

बाबा, मला तुम्ही दिसलात. लांबच्या फेरीवरून पहाटे आलात आणि दारात गाडी उभी करून स्टिअरिंगवरच डोकं टेकलंत तो दिवस. हॉर्न वाजतच राहिला, अख्खी गल्ली जागी झाली. आपण सगळे पोट धरून हसलो होतो. आई तेवढी हसली नव्हती.

मी म्हटलं, “नका करू. निदान आज नको. आधी स्वतःचा वकील बघा.” दीर उसळले, “तुम्ही कुणाच्या बाजूच्या?” मॅडम दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “हे ठरवणारी तू कोण?” माझ्या तोंडून निघून गेलं, “मी ड्रायव्हरची मुलगी. साहेबांची गाडी चालवतात ते माझे वडील.”

कुणी आरडाओरडा केला नाही. दीर म्हणाले, “वहिनी, आटपा. पोरं शाळेतून येतील.” बाईंनी माझ्या मनगटावर क्षणभर हात ठेवला आणि सही केली. हो बाबा, केली. मी बोलून काहीच अडलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, “तुझ्या बापाला झोपू देत जा गं.” मॅडमनी माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. संध्याकाळी मी कामगारांचे खटले लढवणाऱ्या एका वकीलबाईंना विचारलं, सही झाल्यावर काही करता येतं का? “कठीण आहे,” म्हणाल्या.

साहेबांना हे अजून ठाऊक नाही. ते दौऱ्यावरून परतल्यावर मॅडम सांगतील आणि मग तुम्हाला वर बोलावणं येईल. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही टोपी काढाल, हात जोडाल आणि म्हणाल, “पोर आहे साहेब, चुकली, पदरात घ्या.” तेवढ्यासाठीच हे पत्र. तुमची नोकरी जाईल, हे कळूनच मी लिहितेय. तुम्ही माझ्यावर चिडा, वाटेल ते बोला, महिनाभर अबोला धरा. तो तुमचा हक्क आहे. पण माझ्या वतीने माफी मागू नका. तुम्ही मागितलीत, तर झोपलेल्या माणसाचीच चूक होती असं खुद्द एका ड्रायव्हरनेच कबूल केल्यासारखं होईल.

तुमचीच,
ठमी