सिंदफणेवरचा सूर्य

माजलगाव, फसली १३२४ (इ.स. १९१४)

सौ. केशरबाईस,

"तुमचे डोळे चाललेत," एवढंच तू म्हणालीस, अन् मी रागानं तुला माहेरी धाडलं. तरी रोज पहाटे भुऱ्या कुत्र्याची साखळी धरून मी सिंदफणेच्या वाळवंटात जातो, उगवत्या सूर्याचा फोटो काढतो. जिकडं उजेड वाटंल तिकडं क्यामेरा धरतो. काल छापलेला फोटो शेजारच्या छबुबाईला दाखवला.

ती म्हणाली, "दादा, ह्यात सूर्य न्हाई. देवळाची पांढरी भिंत हाय."

मी हसलो, दार लावलं अन् उंबऱ्यातच बसून रडलो. केशर, तुझंच खरं होतं. मला लई भ्या वाटतंय. पण ह्या चाचपडत लिहिलेल्या ओळी वाचून तू कीव करून येशील, म्हणून हे पत्र टपालात टाकवत न्हाई.

तरी ये.

तुझा अपराधी,
शहादेव