ओल्या फडक्याखालचं तापमान

२ मे
दवाखान्यात नवी स्क्रीनखोली सुरू. तळमजल्यावर, एसीची. पुण्याच्या कंपनीचा केतन बसलेला. पडद्यावर आमची अख्खी इमारत, पोरगं बोटावर भिंगरीसारखी फिरवतं. डिजिटल ट्विन म्हणे. पंप, टाकी, लिफ्ट, वॉर्ड, सगळं हिरवं. मंगलामावशी, वरच्या बाळंतिणींच्या वॉर्डाची आया, चहा घ्यायला खाली आलेली. पडद्याकडे बघत म्हणाली, "आप्पा, दवाखानाले बी जुळं व्हयनं." मोठे डॉक्टर हसले. केतन हसला नाही.
नंतर वर गेलो. वॉर्ड म्हणजे भट्टी. वरती नुसता स्लॅब, आणि नंदुरबारचा मे. बाया पदर भिजवून बाळांवर धरून बसलेल्या. गच्चीवरचे कूलर मात्र गप्प.
खाली येऊन केतनला सांगितलं. "काका, वॉर्ड सत्तावीसवर आहे." जरा वर येऊन बघ म्हटलं. "वर जायला लागू नये म्हणून तर हे बसवलंय."
बरं.

३ मे
नवा नियम कळला. भिंतीवरची सेन्सरची डबी सांगेल तसे कूलर चालू-बंद होणार. महिनाभर चाचणीही झाली म्हणे. पॅनेलला कंपनीचं कुलूप. देखभालीचा ठेका माझा, पण पडद्यावर तक्रार उठल्याशिवाय माझ्या माणसाने स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. कोरीट गावच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून इथवर आलो. मोटर बिघडली की शेतकरी शिव्या देत दारात यायचा. ती तक्रार पडद्यावर उठत नव्हती, पण पोचायची.
दुकानातला थर्मामीटर नेऊन वॉर्डात टांगला. आकडा केतनला दाखवला. "याचं कॅलिब्रेशन झालंय का, काका?"
जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, उन्हामुळे. ऊन नव्हतं ते.

५ मे
सापडलं.
डबी कोपऱ्यात, औषधांच्या कपाटाआड. वरून ओलं फडकं, खिळ्याला अडकवलेलं. माठाला गुंडाळतात तसं, नीट घडी घालून. मावशीला विचारलं. "मीच टाकं आप्पा. तो डबा भलता तपी ऱ्हायंता. आतमा लाल दिवा बी लागे. मशीन शे, जळी जाई ना. म्हनीसन जवय जवय माठ भरस, तवय त्यालेबी पानी दाखाडस."
मला हसू आलं. आपल्याकडे उन्हाळ्यात काय भिजवत नाहीत लोक. माठ, खिडकीचा वाळा, टोपीखालचा रुमाल, पंपाच्या स्टार्टरवरचं गोणपाट. डबी तापून जळू नये म्हणून माठाबरोबर तिलाही पाणी, माया केली तिने. डबी गार, पडदा हिरवा, कूलर बंद. आणि बाया…
मग हसू गेलं.  फडकं तसंच ठेवलं. म्हटलं, आधी केतनने डोळ्यांनी बघावं.

६ मे
केतन आला एकदाचा वर. फडकं बघून पांढरा पडला. वाटलं, शरम वाटली. नाही. महिनाभर विजेची बचत झाली म्हणून त्याचा अहवाल कंपनीत गेलाय, ट्रस्टच्या अध्यक्षांकडेही गेलाय. ट्रस्टच्या बाकी इमारतींचं काम त्यावर ठरणार. १२ तारखेला अध्यक्ष येणार. बचत कसली, फडक्याची करामत ती.
दुपारी डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभा होतो. दार लोटलेलं, पण माझे कान मोटारींच्या गोंगाटात तयार झालेत.
केतन: "काढलं तर आलेख एकदम उडेल, सर."
डॉक्टर: "मग राहू दे ना बारापर्यंत. डोंगरातल्या बाया आहेत त्या. त्यांना उन्हाची सवय असते."
पान खाल्लेलं होतं, थुंकून टाकलं. चव गेली नाही.

७ मे
सकाळीच जाऊन फडकं काढलं. डबी तापली, पडदा लाल झाला, कूलर घरघरले. अर्ध्या तासात वॉर्डातली लेकरं झोपली. तळोद्याच्या वरच्या पाड्यावरची रमली, तिचं बाळ सगळ्यात लहान, तेसुद्धा प्यायलं. मावशीला सगळं समजावलं. बिचारी तोंडावर पदर घेऊन, "मन्हामुळे का आप्पा?" म्हटलं, तुझ्यामुळे नाही. तू फक्त पाणी टाकलंस.

८ मे
कूलर पुन्हा बंद. डबीवर फडकं नाही, तरी पडदा हिरवा.
केतन म्हणतो, "लिमिट ट्यून केली काका, पुण्याहून." म्हणजे चाळीसलाही आता हिरवंच म्हणायचं. मावशीचं फडकं बरं. त्यात फसवण्याची अक्कल तरी नव्हती.
घरचे दोन मोठे उभे फर्राटा पंखे नेऊन वॉर्डात लावले.

१० मे
पंखे काढले. डॉक्टर म्हणाले, वायरी लोंबतात, पाहुण्यांना दिसतील.
रमलीचं बाळ पीत नाही. सिस्टर म्हणाली, "बाळाला आजार नाही आप्पा, खोली तापलीय म्हणून बाळ तापलंय." खाली हलवा म्हटलं तर खालचे पलंग भरलेले. मोकळी गार खोली एकच, तिच्यात पडदा बसलाय.
रमलीच्या सासूने गाठोडं बांधलं. "घर जाऊ. तठे झाड तरी शे." तिचं खोटं नाही. पण या उन्हात जीपमध्ये कोंबून आठवड्याचंही नाही असं लेकरू… वाट लांब आहे. हात जोडले. म्हटलं, बारा तारखेची दुपार होऊ दे.
कशाच्या भरवशावर म्हणालो?

११ मे
डॉक्टरांचा निरोप: उद्या अध्यक्षांसमोर देखभाल ठेकेदार म्हणून दोन चांगले शब्द बोला आप्पा, ठेकाही नवा करायचाय. गोड आवाजात.
पॅनेलचं कुलूप त्यांचं. लिमिट पुण्याची. विचार केला, माझ्या हातात उरलंय काय? सतरंज्या, खुर्च्या, पाण्याचे जार. बैठकीची मांडामांड नेहमी माझ्याकडेच.
सगळ्या खुर्च्या वर चढवल्या. बाळंतिणींच्या वॉर्डात, पलंगांच्या मधल्या वाटेत. अध्यक्षांची गादीची खुर्ची रमलीच्या पलंगाशेजारी. स्क्रीनखोलीत एक स्टूल ठेवलं, केतनला लागेल.

१२ मे, दुपार
अध्यक्षांची गाडी फाटकात आली. डॉक्टरांचे फोनवर फोन. उचलत नाही. खालून आवाज येतोय, "खुर्च्या कुठे गेल्या सगळ्या?" केतन सांगतोय, वर फार गरम आहे सर, खाली उभ्यानेच बघू.
वर फार गरम आहे. म्हणाला एकदाचा.
लिफ्टपाशी पावलं थांबलीत. वर येतात की स्क्रीनखोलीकडे वळतात, कान लावून बसलोय. मावशी बाळाचं अंग पुसतेय. रमलीची सासू अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलीय, गाठोडं मांडीवर. मी तिला उठ म्हटलेलं नाही.