परातीखालचं नाव

मुसफ्फा, अबू धाबी
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. समिधास,
हेमाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन केला की तुझ्याकडे तो स्पीकरवर जातो आणि सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र. ह्यांच्या वर्कशॉपमधला सुदेश सुट्टीवर तासगावला निघालाय. त्याच्याबरोबर आपल्या ऋजुताच्या रुखवतासाठी एक डिनर सेट आणि पितळेची परात पाठवते आहे.

परात कितीला पडली ते ऐकून तू खालीच बसशील. तीस दिरहम, म्हणजे आपले सातशेसुद्धा नाहीत! इथे नोकरी गेली की माणसं देश सोडताना घरातलं सगळं विकायला काढतात. त्याला गराज सेल म्हणतात. गराज कुणाकडेच नसतं, ते सोड. माझा त्यात अगदी हातखंडा झालाय. आधी गोड बोलून विमान कधीचं ते काढून घ्यायचं आणि आदल्या दिवशी जायचं. आवडलेल्या वस्तूकडे बघायचंसुद्धा नाही. सगळं एकदम घेते म्हणायचं, आणि नाहीच जमलं तर दारात जाऊन चपला सावकाश घालायच्या. दुसरी चप्पल पायात जायच्या आत हाक येते. हे म्हणतात, तुला आमच्या परचेस डिपार्टमेंटला बसवायला हवं.

परात वर्कशॉपमध्ये आतून बफ मारून चकचकीत करून घेतलीय. व्याह्यांना सांग, मावशीने दुबईहून नवीकोरी पाठवली. लग्नाच्या गडबडीत उपाशी राहू नकोस, आणि मला सुट्टी मिळाली नाही म्हणून रुसूही नकोस.
तुझी,
हेमाताई

तासगाव
९ डिसेंबर २०२४

ती. सौ. हेमाताईस,
समिधाचा शि. सा. न. वि. वि. लग्न पार पडलं, फोटो तू पाहिलेच आहेस. फोटोत नाही ते लिहिते.

रुखवत मांडलं होतं आणि परात दुबईची, असं मी येईल त्या बाईला सांगत होते. ऋजुताच्या आत्तेसासूबाई, ठकुबाई, म्हणाल्या की परात कुणी दुबईहून आणतं होय? वजन बघायला म्हणून त्यांनी ती उचलली आणि पालथी केली. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते मोठ्यांदा वाचलं : चि. सौ. कां. कावेरी हिस, आजी नर्मदाकडून. ताई, नावं घातलेली भांडी आपण लहानपणी स्वतः घासली आहेत. बूड बघायचं तुला कसं सुचलं नाही? आणि मला तरी?

कावेरी कोण, असं त्यांनी विचारलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं की आमची चुलत बहीण, दुबईला असते. आता त्या ऋजुताला उठसूट विचारतात, कावेरीमावशी काय म्हणतात? पोरगी काहीतरी ठोकून देते. परवा माहेरी आली तेव्हा मला म्हणाली, सासरी पाऊल टाकल्याटाकल्या तुम्ही दोघींनी मला खोटं बोलायला लावलंत. ताई, मला मान वर करता आली नाही.

ही कावेरी कोण ते कळव. मी रागावले आहे, पण तुझ्या एकटीवर नाही. भाऊजींना नमस्कार सांग.
तुझी धाकटी,
समिधा

मुसफ्फा
२ जानेवारी २०२५

चि. सौ. समिधास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी ह्यांच्यापासून लपवून ठेवलंय. लाज वाटते गं. बूड बघायचं मला कसं सुचलं नाही असं तू विचारलंस, पण गोष्ट तेवढीच नाही.

कावेरी दुबई मरीनाला राहायची. नवऱ्याची नोकरी गेली होती. मी मराठी बोलले तशी तिने हौसेने माझ्यासाठी चहा ठेवला. परात विकायची नाही, ती बरोबर न्यायची आहे, असं तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. मी म्हणाले, मग डिनर सेट, मिक्सर, कपाट, सगळंच राहू दे, आणि दारात जाऊन चपला घालायला लागले. तिचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. हाक आली. तिने परात पदराने पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिली. हे मी तुला तेव्हा लिहिलं नाही. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

तिच्या शेजारणीकडून कराडचा पत्ता मिळवला आणि माफीचं पत्र टाकलंय. फोन करायचा धीर झाला नाही. परात परत द्यायची तयारी ठेव. आणि ऋजुताला म्हणावं, आत्याबाईंना खरं सांगून टाक, दोष सगळा मावशीवर घाल.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
हेमाताई

कराड
२० जानेवारी २०२५

सौ. हेमाताई यांस,
स. न. वि. वि. आपलं पत्र मिळालं. आम्ही बरे आहोत. ह्यांना पुण्यात काम मिळालं आहे.

परात परत करता म्हणालात, ती जरूर पाठवा. राहू द्या म्हणण्याइतकं माझं मन मोठं नाही. आजी अजून आहे. तिला आता दिसत नाही, पण परातीचं रोज विचारते, आणि सामान जहाजाने यायचं आहे असं मी तिला सांगत आले आहे. आपल्या भाचीला माझे आशीर्वाद. तिचा यात काही दोष नाही.

माफीचं मात्र काय लिहावं ते कळत नाही. आपलं पत्र वाचून मी आपला चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. परात देताना मी वर बघितलंच नव्हतं, मला माझीच लाज वाटत होती. आणि त्या आठवड्यात बऱ्याच बायका आल्या. सगळ्यांनी आधी विमान कधीचं ते विचारलं, सगळ्यांना मी चहा दिला, आणि सगळ्याच दारात सावकाश चपला घालत होत्या. आपण त्यांतल्या कोणत्या, ते मला आठवत नाही.

आपली,
कावेरी