माईकवरची धडधड

दीपंकर,

तुझ्या फोनवर माझ्या छातीचे ठोके दिसत न्हाईत म्हणून घाबरू नकोस. डॉक्टरांनी लावलेली ठोके मोजायची पट्टी छातीवरच हाय. परवा ठोक्यांचा आकडा वाढला म्हणून तू शेजारच्या सोनमआक्काला बुद्धविहारात पळत धाडलंस. तिनं सगळ्या बायकांसमोर विचारलं, "आई, चक्कर येतीया काय?" अरे, मी पहिल्यांदाच माईकवर बोलत होते, धडधडणारच की! सगळ्या हसल्या आणि मी भाषण अर्धवट सोडून खाली बसले.

आज डॉक्टरांना सांगून तुझ्याकडं येणारे आकडे बंद करून घेतले. त्यांना दिसतात, धोका असला तर तुला कळवतील. आता मी चिकोडीला चाललेय, तिथल्या विहारात पुरं भाषण करणार हाय. भाकरी डब्यात हाय. संध्याकाळी कसं झालं म्हणून मलाच विचार, सगळं सांगीन.

तुझी आई, तानीबाई