दशरथभाऊची शपथ आणि माझं ट्रेनिंग

१० नोव्हें., रवि.
दशरथभाऊंनी आज बुद्धविहारात शिंदी, झाडाची ती ताडीसारखी दारू, सोडली. आमच्या कापसाच्या जिनिंग गिरणीत प्रेस मशीन चालवतात. वीस वर्षं रोज पिणारा माणूस. पाचवं शील, नशा न करण्याचं, त्यांना एकट्याला सगळ्यांसमोर उभं करून परत म्हणायला लावलं मी. आवाज कापत होता, पण म्हणाले. त्यांची बायको शेवंतावहिनी पदर डोळ्याला लावून बसली होती. खोटं कशाला लिहू, मी हवेत होते. मागच्या आठवड्यात भाऊंची बोटं मशीनमध्ये जाता जाता वाचली. गिरणीच्या शेठजींनी मला बोलावून सांगितलं, "उसको बोलो, पीना छोड़े या काम छोड़े." तेव्हापासून मी हात धुऊन मागे लागले होते.
उद्यापासून तीन दिवस ट्रेनिंग. कामगारांचं समुपदेशन, मानसिक आरोग्य, व्यसन. नऊ वर्षं पी.एफ.चे फॉर्म भरले, आता मी गिरणीची समुपदेशक. हे म्हणाले, "घरी प्रॅक्टिस नको."

११, सोम.
हॉलमध्ये पंचवीसेक जण. शिकवणाऱ्या डॉक्टरबाई इकडच्या रीतीने तेलुगू-हिंदी मिसळून बोलतात, समजतं. पहिला धडा ऐकण्याचा. दोघादोघांच्या जोड्या. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. मी दीड मिनिट टिकले. माझ्या जोडीला एक सिक्युरिटी सुपरवायझर, रेड्डी. हसून म्हणाला, "मॅडम, आप तो सीधा फैसला सुना देते हो." राग आला. खरं होतं म्हणून जास्त.
बुधवारी प्रत्येकाने आपली एक केस सांगायची आहे. मी दशरथभाऊंची लिहिली, नाव गाळून. वर मथळा दिला, 'यशस्वी केस'.
संध्याकाळी गिरणीत डोकावले. भाऊ गेटवर. थंडीत घाम, हात थरथरताना दिसले. "झोप नाई ताई. पन हात लावला नाई." मी म्हटलं, शाब्बास, दोन दिवसांचा त्रास आहे, मन घट्ट करा. माझेच शब्द. केसमध्ये घालायला लिहून ठेवते.

१२, मंगळ.
दुपारी व्यसनाचा तास. डॉक्टरबाई म्हणाल्या, शिंदी आता नुसतं झाडाचं पाणी राहिलेली नाही, बऱ्याच ठिकाणी झोपेच्या औषधाची पावडर कालवतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीराला तिची सवय होते. एकदम बंद केली की थरथर, भास, झटके. जीवही जातो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषध देऊन, हळूहळू. "शपथ घालून एका दिवसात सोडवू नका." सगळे लिहून घेत होते. माझं पेन थांबलं.
चहाच्या सुट्टीची वाट न पाहता बाहेर येऊन फोन केला. शेवंतावहिनी रडत, "ताई, ते सकाळपासून भिंतीवरच्या मुंग्या झाडून राह्यले. भिंतीवर एक मुंगी नाई. शेजारीन म्हनते बाहेरचं लागलं, भगताले बोलवा." कोणाला बोलवू नको म्हटलं, ऑटो घेऊन निघाले.
भाऊंना घेऊन दवाखान्याच्या वाटेवर असताना ऑटोतच त्यांना झटका आला. डोकं माझ्या मांडीवर, दातखीळ, तोंडाला फेस. इतकं घाबरले की ऑटोवाल्याला रस्ताही सांगता येईना. दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं, तासाभराने शांत झाले.
वहिनीने माझा हात धरला. "तुमी होत्या म्हनून वाचले." तेव्हाच सांगायला हवं होतं.

१३, बुध.
'यशस्वी' खोडलं आणि सगळं वाचलं. शपथ, शाब्बास, ऑटो. मग रेड्डी उठला. त्यानेही चार गार्डना दारू सोडायची शपथ म्हणून देवाच्या फोटोवर हात ठेवायला लावला होता. त्यातला एक कामावर परत आलाच नाही, रेड्डी त्याच्या चौकशीला कधी गेला नाही. खाली बसताना रडला. मी त्याला सल्ला दिला नाही.
डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्या माणसाला हे सांगितलं का?"
नाही सांगितलं.

१५, शुक्र.
सांगितलं. दोघांनाही. भाऊ दवाखान्यात खाटेवर बसलेले, चेहरा उतरलेला पण शुद्धीत. "तुमचं काऊन चुकलं? नशा वाईटच नं." पण वहिनीने हातातली वाटी खाली ठेवली आणि खिडकीकडे पाहत राहिली.
वर हे नवीनच. सिस्टरला उशीखाली तीन गोळ्या सापडल्या, गालात धरून मागून थुंकलेल्या. त्या रोज घ्यायच्या, मग काही आठवड्यांत कमी कमी करत बंद. न घेतल्या तर पुन्हा झटका. भाऊ म्हणतात, "शिंदीतल्या पावडरीच्या जातीचीच गोळी हाये ही, मीच विचारलं डॉक्टरले. मंग शील मोडते का नाई?"
जात तीच आहे. माझ्याच शब्दाने माणसाचं तोंड बंद केलंय. वहिनी तोडून बोलली, "तुमीच बांधलं, आता तुमीच सोडा."

१६, शनि.
विहारातल्या गुरुजींना विचारलं. म्हणाले, डॉक्टरने मोजून दिलेलं औषध ही नशा नाही, शील मोडत नाही. धावत दवाखान्यात जाऊन सांगितलं. सकाळची गोळी सिस्टरने समोर उभं राहून द्यायला घेतली, तरी भाऊंनी ओठ उघडले नव्हते. माझं ऐकून घेतलं, मान हलवली. "खरं असन. पन मी लोकाइच्या समोर म्हनलो होतो. तुमीबी लोकाइच्या समोर म्हना."
पेशंटची गोष्ट बाहेर काढायची नाही, हे ट्रेनिंगमध्ये शिकले. ते सांगितलं. "माहं नाव घ्या," म्हणाले, "मी तिथं येतो." डॉक्टरांनी उद्या सकाळी घरी सोडायचं कबूल केलं, गोळ्या चालू ठेवायच्या अटीवर.
उद्या गिरणीतले आणखी तिघे शपथ घेणार होते. यादी माझीच.

१७, रवि.
विहार भरलेला. उभी राहिले. शपथेची घाई मी केली, भाऊंचा जीव जाता जाता वाचला, त्यांना आता जे देतात ते औषध आहे, नशा नाही, सगळं सांगितलं. नशा सोडायचीच, पण आधी दवाखाना, असंही. मागून कोणीतरी, "मंग तवरिक शिंदी प्याचीच का?" उत्तर द्यायला गेले आणि थांबले. म्हटलं, डॉक्टरांना विचारू, मी सोबत येते. शपथ घेणाऱ्यांपैकी दोघे उठून गेले. तिसऱ्याने विचारलं, डॉक्टर कोणत्या वारी बसतात.
भाऊ शेवटच्या चटईवर, शेजारी वहिनी पाण्याचा ग्लास धरून. गोळी भाऊंच्या तळहातावर. सगळे वळून पाहू लागले, मी तर टक लावूनच.
"ताई," ते म्हणाले, "तुमी सांगतलं, म्या आयकलं. आता तिकडं तोंड करून बसा. पाह्यत राहू नका."
बसले, बुद्धमूर्तीकडे तोंड करून. लोकही हळूहळू वळले. मागे ग्लास फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मान वळू पाहत होती, वळू दिली नाही.
बाहेर चपला घालताना वहिनी शेजारीच होती. भाऊंनी गोळी गिळली का, तिला विचारलं नाही.